रोल येतो, आता दोर शिका

कुंडलिका नदीत कयाक (वल्ह्यानं चालवायची चिंचोळी होडी) उलटली तरी सावरता येते, अशांसाठी कोलाडला आमचं हे बचाव शिकवणारं दोन दिवसांचं शिबिर आहे. रोल, म्हणजे उलटलेली कयाक आत बसूनच सुलटी करणं, तुम्हाला वाचवतो. सोबतचा बोटीबाहेर पडला तर रोल कामाचा नाही.

शिकवणं बरंचसं काठावर चालतं. पाण्याचा वेग दुप्पट झाला की रेटा चौपट होतो. अशा पाण्यात पट्टीचा पोहणारा उडी घेतो आणि वाचवायची माणसं दोन होतात. म्हणून आधी हाक, मग वल्हं पुढे करणं, मग दोर. स्वतः पाण्यात उतरणं सगळ्यात शेवटी.

दोराला आम्ही अख्खी सकाळ देतो. थ्रो बॅगेत १५ ते २० मीटर तरंगता दोर असतो. मोकळं टोक हातात घट्ट, मोठ्यानं "दोर!", आणि पाण्यातल्यानं वळून पाहिलं की पिशवी त्याच्या डोक्यापलीकडे, म्हणजे दोर अंगावर पडतो. नेम चुकला तर दोर पुन्हा भरत बसू नका. ओढून घ्या, पिशवीत थोडं पाणी घ्या, त्या वजनावर लगेच फेका. मनगटाला दोर कधीही गुंडाळू नका. पाण्यातल्यानं पाठीवर राहून दोर खांद्यावरून छातीशी धरायचा; प्रवाहच त्याला झोक्यासारखा काठाला लावतो. आमच्या मते महागड्या वल्ह्याआधी चांगली थ्रो बॅग घ्यावी.

वाहत्या पाण्यात उभं राहायला जाऊ नका. पाय कपारीत अडकला की रेटा माणसाला आडवा करतो आणि तोंड पाण्याखाली जातं. पाठीवर व्हा, पाय पुढे, बुटांची टोकं पाण्यावर दिसली पाहिजेत. पुढे झाड आडवं पडलेलं असेल आणि टाळता येत नसेल तर मात्र पोटावर वळून जोरात पोहा आणि त्यावर चढा.

बंधाऱ्याखालचं पाणी जागच्या जागी गोल फिरतं आणि माणसाला सोडत नाही. वरून ते सपाट दिसतं. तिथं आम्ही कयाक खांद्यावर घेऊन काठानं जातो, सोबत कितीही जाणकार असोत.

मुळशी धरणाचं पाणी भिऱ्याच्या वीजकेंद्रात वीज तयार करून कुंडलिकेत उतरतं. पाणी सुटलं की पहाटेचे कोरडे खडक दिसेनासे होतात. म्हणून सरावाच्या वेळी वरच्या अंगाला आमचा एक माणूस शिट्टी घेऊन उभा असतो: एक शिट्टी म्हणजे लक्ष द्या, तीन म्हणजे संकट.

पायात बंद बूट हवेत, चप्पल चालणार नाही. लाइफ जॅकेट आमच्याकडे आहेत, पण स्वतःचं असेल तर तेच आणा. त्याचे पट्टे तुमच्या हातांना माहीत असतात.