पार्श्वभूमी: एमएसच्या चाचण्या आणि मे महिन्यातले अटॅक

एमएस म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस, मेंदू आणि मज्जारज्जूतल्या मज्जातंतूंचं आवरण झिजवणारा आजार. त्याचा हळूहळू वाढत जाणारा, प्रगतिशील प्रकार बाजूला ठेवला, तर एमएसच्या चाचणीत औषध लागू पडलं की नाही हे मुख्यतः एका मोजणीवरून ठरत आलं आहे: वर्षभरात रुग्णाला किती अटॅक आले. १९९३ साली अमेरिकेत एमएसवरच्या पहिल्या इंटरफेरॉनला (सुईने द्यायचं औषध) मान्यता मिळाली, तेव्हापासूनची ही पद्धत. अटॅकची व्याख्याही ठरलेली आहे. नवं लक्षण किमान २४ तास टिकलं पाहिजे, आधीच्या अटॅकला ३० दिवस उलटलेले हवेत, आणि ताप किंवा जंतुसंसर्ग नको.

विदर्भातल्या रुग्णालयात ही व्याख्या एप्रिल ते जून अडखळते. शरीराचं तापमान अर्धा अंश वाढलं तरी आवरण झिजलेल्या मज्जातंतूतून संदेश नीट जात नाही, दिसणं धूसर होतं, पाय जड पडतात. हे १८९० पासून माहीत आहे. अंग निवलं की लक्षण तासाभरात उतरतं, म्हणून २४ तासांची अट पुरेशी मानली गेली. पण पारा ४५ वर, रात्रीही टिनाचं छत तापलेलं आणि लाइट गेल्यामुळे कुलर बंद, अशा घरात उन्हाचं लक्षण दोन दिवसही उतरत नाही. कागदावर तो पक्का अटॅक होतो.

असे खोटे अटॅक औषधाच्या आणि तुलनेच्या, दोन्ही गटांत सारखेच शिरतात. त्यामुळे फरक बुजतो आणि चांगलं औषधही कमजोर दिसतं. उपाय साधा आहे, पण घाईत तोच राहून जातो. सिरोंच्याहून एसटीने आलेल्या रुग्णाला उतरल्या उतरल्या तपासू नये. थंड खोलीत दोन तास बसवून मग तपासावं. काखेतला ताप बघावा, लघवीची तपासणी आणि मलेरियाची चाचणी करावी. ५०० मीटर चालण्याची नोंद सकाळी, सावलीतल्या व्हरांड्यात घ्यावी. चालण्याच्या अंतरावरून अपंगत्वाचा आकडा ठरतो; दुपारी अंगणात नोंद घेतली तर तो उगाच चढतो. तपासणारा डॉक्टर उपचार करणाऱ्यापेक्षा वेगळाच हवा. इंटरफेरॉनच्या सुईनंतर कणकण येते, त्यावरून रुग्ण कोणत्या गटातला हे उपचार करणाऱ्याला ओळखू येतं.

खरा वाद तापाच्या अटीवर आहे. लघवीचा संसर्ग जुनी लक्षणं वर काढतो, तसा खरा अटॅकही घडवू शकतो. ताप दिसला की नोंद वगळा, असा नियम सरसकट लावला तर ते खरे अटॅक हिशोबातून जातात. आमच्या मते वगळण्याआधी संसर्ग बरा करून फेरतपासणी घ्यावी; लक्षण तरीही राहिलं तर ते मोजावं. चाचण्यांचे आराखडे मात्र बहुधा सरसकट वगळण्याचा सोपा मार्ग धरतात.

२००४ मध्ये अ‍ॅक्वापोरिन-४ या मज्जासंस्थेतल्या प्रथिनावर हल्ला करणाऱ्या प्रतिपिंडाचा (अँटिबॉडीचा) शोध लागला आणि आधी एमएसमध्ये मोजलेले काही रुग्ण वेगळ्याच आजाराचे, न्यूरोमायलायटिस ऑप्टिकाचे, निघाले. त्यांना इंटरफेरॉन अपायकारक ठरतं. त्यामुळे आता भरतीआधी ही रक्ततपासणी करतात.

भारतात चाचण्यांचे आणि रुग्णाच्या संमतीचे नियम त्यानंतर बदलले. चाचण्यांची नोंदणी २००९ पासून सक्तीची आहे. संमती घेतानाचं चित्रीकरण २०१३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने आलं, २०१५ मध्ये ते दुर्बल घटकांतल्या रुग्णांवरच्या, नव्या औषधी रेणूंच्या चाचण्यांपुरतं राहिलं आणि २०१९ च्या नियमांतही टिकलं.

एक गोंधळ अजून मिटलेला नाही. रुग्ण गावातल्या डॉक्टरकडून स्टेरॉइडच्या गोळ्यांचा छोटा कोर्स घेऊन मग रुग्णालयात पोचतो आणि तपासणीपर्यंत लक्षण अर्धवट पुसलं गेलेलं असतं. शिवाय डोळ्याच्या नसेच्या दाहात कमी डोसच्या गोळ्यांनी पुन्हा दाह होण्याचं प्रमाण वाढतं, हे १९९२ च्या चाचणीत दिसलं होतं. फ्रान्समधल्या २०१५ च्या चाचणीत तोंडाने घेतलेलं स्टेरॉइड शिरेतल्या इतकंच चाललं, पण तो डोस रोज १ ग्रॅम मेथिलप्रेडनिसोलोनचा, ३ दिवस. १६ मिलिग्रॅमच्या गोळ्यांनी मोजलं तर दिवसाला साडेबासष्ट. गावातल्या चिठ्ठीवर त्या दोन असतात.