सहायक बॅटरी बायपास करणे

दोन बॅटऱ्यांच्या वाहनात सहायक, म्हणजे दुसरी आणि बहुधा लहान असलेली बॅटरी खराब झाली की तिला जोडणीतून सोडवून तिचा भार मुख्य बॅटरीवर घेतात. या कामाला बायपास म्हणतात. मुंबईच्या गॅरेजांत याला सरळ ‘डायरेक्ट करणे’ असा शब्द आहे. दोष नेमका कोणत्या बॅटरीत आहे हे ताडायला किंवा अडकलेली गाडी घरापर्यंत आणायला हा इलाज उपयोगी पडतो. काही गाड्या डायरेक्ट केल्यावर महिनोन्महिने विनातक्रार धावतात, तर काहींत असे करणे धोक्याचे असते. आपली गाडी यांपैकी कोणती हे पाना हातात घेण्याआधी ठरवायला हवे, कारण दुसरी बॅटरी कोणाचा भार उचलते हे न विचारता तिची वायर सोडणाऱ्यांच्याच गाड्या पुढे मोठ्या खर्चात जातात.

दुसरी बॅटरी कशासाठी : १९१२ मध्ये कॅडिलॅक गाडीत विजेचा सेल्फ आला, तेव्हापासून बॅटरी हा मोटारीचा अविभाज्य भाग झाला. पुढची अनेक दशके एकच बॅटरी सगळे काम निभावत होती. सिग्नलला इंजिन आपोआप बंद होऊन ब्रेकवरचा पाय उचलताच सुरू होण्याची सोय (स्टार्ट-स्टॉप) आली आणि एक नवी अडचण पुढे आली. सेल्फ फिरताना शेकडो अँपिअर खेचतो, त्या क्षणी व्होल्टेज कोसळते आणि पडदा, रेडिओ, स्टिअरिंगचे नियंत्रक अडखळतात. दर सिग्नलला असे होऊ नये म्हणून काही कंपन्यांनी बारा-चौदा अँपिअर-तासांची छोटी बॅटरी वेगळी बसवली. मर्सिडीझ-बेंझ, लँड रोव्हर, व्होल्वो यांच्या अनेक मॉडेलांत ती आढळते. पुण्याजवळ रांजणगावला २०२१ पासून जुळणी होणाऱ्या जीप रँग्लरच्या पिढीतही अशी रचना आहे. तिथे छोटी बॅटरी फ्यूज बॉक्सच्या खाली दडलेली असते आणि बऱ्याच मालकांना ती खराब होईपर्यंत तिचा पत्ताच नसतो.

दुसरा प्रकार रुग्णवाहिका, प्रवासी कॅराव्हॅन आणि फ्रिज-इन्व्हर्टर बसवून घेतलेल्या गाड्यांचा. इथली दुसरी बॅटरी उपकरणांसाठी असते आणि दोहोंच्या मध्ये व्होल्टेज पाहून काम करणारा रिले बसवलेला असतो. इंजिन सुरू होऊन व्होल्टेज साधारण १३.३ च्या वर गेले की तो दोन्ही बॅटऱ्या जोडतो आणि १२.८ च्या खाली आले की तोडतो. या गाड्यांत बायपास सगळ्यांत सोपा आणि सगळ्यांत निर्धोक. रिलेच्या पलीकडची वायर सोडली की मूळ गाडी जशी होती तशी राहते, फक्त फ्रिज चालत नाही. रुग्णवाहिकेत मात्र त्या वायरीवर सक्शन यंत्र किंवा व्हेंटिलेटर असू शकतो, हे विसरून चालणार नाही.

दोन बॅटऱ्या दिसल्या म्हणजे त्यातली एक सहायकच असेल असे नाही. ट्रक आणि मोठ्या बसमध्ये १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडून २४ व्होल्ट करतात. त्यातली एक वगळली तर उरतात १२ व्होल्ट, आणि त्यावर सेल्फ फिरत नाही. हायब्रिड व विजेवरच्या गाड्यांतही १२ व्होल्टच्या बॅटरीला सहायक म्हणतात, पण तिच्यावाचून मोठ्या बॅटरीचा प्रवाह जोडणारे संपर्क-रिलेच लागत नाहीत आणि गाडी जागची हलत नाही. तिला वगळता येत नाही, बदलावीच लागते. मोठ्या बॅटरीचे उच्च व्होल्टेज वाहणाऱ्या नारिंगी वायरींजवळ तर रस्त्यावरच्या कारागिराला हात घालू देऊ नये.

बिघाड कसा पसरतो : शिसे-आम्ल बॅटरीत सहा सेल असतात, प्रत्येकी सुमारे २.१ व्होल्टचा. पूर्ण भरलेली बॅटरी स्वस्थ असताना १२.६ ते १२.८ व्होल्ट दाखवते. आतल्या पट्ट्या झिजून गाळ तळाशी साचला किंवा पट्टी वाकली की एखादा सेल आतल्या आत शॉर्ट होतो आणि आकडा १०.५ च्या आसपास येतो. एकट्या बॅटरीच्या गाडीत एवढ्यावर गोष्ट संपली असती. पण दोन बॅटऱ्या समांतर जोडलेल्या असतील तर चांगली बॅटरी खराब बॅटरीत करंट ओतू लागते. दोहोंतला फरक २.१ व्होल्टचा. जोडणीचा एकूण रोध ५० मिलीओहम धरला तर पहिल्या क्षणी हा प्रवाह ४२ अँपिअर भरतो. नंतर तो उतरतो, पण थांबत नाही. रात्री उभी केलेली गाडी सकाळी मेलेली सापडते आणि दोष बिचाऱ्या मोठ्या बॅटरीवर जातो. ती बदलली तरी आठवड्याभरात पुन्हा तेच. दोन-दोन मोठ्या बॅटऱ्यांचे पैसे घालवून मग छोटीकडे लक्ष गेल्याची उदाहरणे कमी नाहीत.

चालत्या गाडीत प्रकरण अधिक गंभीर होते. अल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर फिरून बॅटरी भरणारे जनित्र, १४.४ व्होल्ट देतो. सहा सेलांवर हे वाटले तर प्रत्येकी २.४, म्हणजे व्यवस्थित. एक सेल मेलेला असेल तर उरलेल्या पाचांवर प्रत्येकी २.८८ व्होल्ट येतात. आतले पाणी फुटून हायड्रोजन आणि ऑक्सिजन सुटू लागतो, बॅटरी तापते, फुगते आणि सडक्या अंड्यासारखा वास येतो. असा वास केबिनमध्ये आला तर गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करावे आणि बॅटरी निवेपर्यंत कोणत्याही टर्मिनलला हात लावू नये. हायड्रोजनला एक ठिणगी पुरते, आणि सैल टर्मिनल ओढताना ठिणगी हमखास पडते.

मुंबईची भर : उष्णतेत बॅटरीचे आयुष्य भराभर सरते. तापमान १० अंशांनी वाढले की ते जवळपास निम्मे होते, असा या धंद्यातला जुना ठोकताळा आहे. बॉनेटखाली इंजिनाला खेटून बसलेल्या छोट्या बॅटरीला ही झळ आधी लागते. समुद्राकडून येणाऱ्या खाऱ्या दमट हवेने टर्मिनलवर पांढरी-निळसर बुरशीसारखी पुटे चढतात. शिवाय इथली गाडी धड चालत नाही आणि धड उभीही राहत नाही. एस. व्ही. रोडवर किंवा सायनच्या सिग्नलांवर तासभर रखडताना एसी आणि पंखा पूर्ण जोरात असतो, इंजिन मंद फिरत असते आणि बॅटरीत जेमतेम काही भरले जाते. सोमवार ते शनिवार मालक लोकलने जातो आणि गाडी इमारतीखाली. बंद गाडीसुद्धा ५० मिलीअँपिअर खात असते, म्हणजे दिवसाला १.२ अँपिअर-तास. पार्किंगमध्येही चालू राहणारा डॅशकॅम पाव अँपिअर घेत असेल तर आणखी ६. बारा अँपिअर-तासांच्या बॅटरीवर तो जोडला असेल तर दोन दिवसांत ती तळाला जाते. अशी ती वारंवार रिकामी होऊन पडून राहिली की पट्ट्यांवर सल्फेटचे कडक कण बसतात आणि मग चार्जर लावूनही ते विरघळत नाहीत.

दादर-पार्ल्याच्या पुनर्विकसित इमारतींतले दुमजली पार्किंग ही या दुखण्याची खास मुंबईची जागा. खालची गाडी हलल्याशिवाय वरची उतरत नाही. सकाळी सव्वासातला वरच्या मजल्यावरचे काका हाक मारतात, “अहो, गाडी काढता का जरा? आठला पोचायचंय.” बटण दाबावे तर सेल्फऐवजी नुसती कट्कट्, पडद्यावर सहायक बॅटरीचा पिवळा इशारा आणि मग काळोख. ऑटोमॅटिक गिअर ‘पी’वर अडकलेला, त्यामुळे धक्का मारून बाहेर काढणेही शक्य नाही. वर दुसरी गाडी असल्याने बॉनेट पुरते उघडत नाही, जंप केबल लावायला वाकून हात घालावा लागतो. सहायक बॅटरीचा इशारा पहिल्यांदा दिसला तेव्हाच तपासणी झाली असती तर काकांचीही सकाळ वाचली असती. हा इशारा स्टार्ट-स्टॉप बंद पडल्यावर येतो आणि गाडी तरीही चालते, म्हणून लोक तो महिनोन्महिने अंगावर काढतात.

पुराचे पाणी हे आणखी एक कारण. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा हजारो गाड्या बुडाल्या. तेवढा पाऊस दरवर्षी होत नाही, पण हिंदमाता किंवा मिलन सबवेत गुडघाभर पाणी लागलेली गाडी पुढे सुरळीत चालली तरी सीटखाली किंवा डिकीच्या तळात बसवलेली बॅटरी ओल्या गालिच्यात राहते. टर्मिनल दोन-तीन महिन्यांनी कुजते, तोवर पाऊस कोणाच्या लक्षातही नसतो.

आधी खात्री : बायपास करण्याआधी दोन्ही बॅटऱ्या वेगळ्या करून मोजाव्यात. जोडलेल्या अवस्थेत मल्टिमीटर दोहोंचा मिळून एकच आकडा दाखवतो आणि तो फसवा असतो. गाडी बंद करून, चावी लांब ठेवून पंधरा-वीस मिनिटे थांबावे, म्हणजे नियंत्रक झोपी जातात. सुटी केलेली सहायक बॅटरी तासाभरानंतर १२.४ च्या वर असेल तर तिला लोड टेस्टर (भार टाकून बॅटरीची ताकद तपासणारे यंत्र) लावून पाहावे. १२ च्या खाली असेल तर आधी चार्ज करून पाहावे. १०.५ च्या आसपास अडली असेल तर सेल गेला, विषय संपला.

एक चाचणी बहुतेक जण टाळतात आणि तीच मुंबईत सगळ्यांत जास्त कामाला येते. मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर, दुसरी गाडीच्या उघड्या धातूवर धरून सेल्फ मारायला सांगावे. आकडा ०.२ व्होल्टपेक्षा बराच वर गेला तर दोष बॅटरीत नाही, अर्थच्या पट्टीत, म्हणजे निगेटिव्ह खुंटी बॉडीला जोडणाऱ्या वायरीत आहे. खाऱ्या हवेने तिचे थिंबल (वायरीच्या टोकाची धातूची कडी) आतून खाल्लेले असते. गरम पाण्यात खायचा सोडा घालून धुतले, तारेच्या ब्रशने घासले आणि वर पेट्रोलियम जेली लावली की कित्येक ‘मेलेल्या’ बॅटऱ्या जिवंत होतात. या दहा मिनिटांच्या कामावर कोणी बिल फाडत नाही, म्हणून ते सुचवणारा कारागीर भेटला तर त्याला धरून ठेवावे.

प्रत्यक्ष कृती : मुख्य बॅटरीची निगेटिव्ह आधी सुटते आणि शेवटी लागते. हा क्रम उलटला आणि पॉझिटिव्ह सोडताना पाना बॉडीला टेकला तर पाना वितळतो, आणि हातात अंगठी असेल तर बोट भाजते. मुख्य निगेटिव्ह सुटल्यावर सहायक बॅटरीची निगेटिव्ह सोडावी, मग पॉझिटिव्ह, आणि दोन्ही टोके रबरी टोपीत किंवा जाड इन्सुलेशन टेपमध्ये वेगवेगळी गुंडाळून पट्टीने बांधावीत. लोंबकळती पॉझिटिव्ह ही बायपासमधली सगळ्यांत मोठी चूक, कारण दुसऱ्या टोकाने ती अजून मुख्य बॅटरीशी जोडलेली असू शकते. ज्या गाड्यांत दोन्ही निगेटिव्ह मुख्य टर्मिनलवरच एकत्र येतात, तिथे सहायकेची तेवढी वायर काढून गुंडाळली तरी पुरते.

सहायकेवरचे भार चालू ठेवायचे असतील तर त्यांची पॉझिटिव्ह मुख्य बॅटरीवर आणावी लागते. या वायरीची जाडी मूळ वायरीइतकीच हवी आणि फ्यूज मुख्य बॅटरीच्या खुंटीजवळ हवा. दूर बसवलेला फ्यूज स्वतःच्या अलीकडची वायर वाचवत नाही. “साहेब, डायरेक्ट मारून देतो, फ्यूजची काय गरज?” असे कोणी म्हणाले तर काम तिथेच थांबवावे. बॉनेटखालच्या आगी अशाच वायरीने लागतात. मुख्य बॅटरी पुन्हा जोडल्यावर घड्याळ, काचांची आपोआप वर जाण्याची सोय आणि क्वचित रेडिओचा कोड नव्याने द्यावा लागतो.

कुठे करू नये : २००२ साली आलेल्या मर्सिडीझ ई-क्लासचे ब्रेक सेन्सोट्रॉनिक नावाच्या विद्युत-द्रवचालित पद्धतीचे होते आणि त्या गाडीतली दुसरी बॅटरी मुख्य बॅटरी कोसळली तर या ब्रेकना आधार देण्यासाठी होती. २००६ च्या सुधारित गाडीतून ही ब्रेक पद्धत काढली गेली आणि तिच्याबरोबर दुसरी बॅटरीही गेली. अशी जुनी गाडी अजून कोणाकडे असेल तर तिची सहायक बॅटरी वगळून गाडी चालवणे म्हणजे जाळी काढून झोक्यावर चढणे. हाच प्रश्न प्रत्येक गाडीला विचारावा : मुख्य बॅटरी अचानक गेली तर ब्रेक, स्टिअरिंग किंवा गिअर यांपैकी काही या छोटीवर अवलंबून आहे का? उत्तर हो असेल, किंवा कारागिराला सांगता येत नसेल, तर गाडी टो करून न्यावी.

बदलताना : नवी बॅटरी त्याच जातीची हवी. एजीएम (आम्ल काचतंतूंच्या थरात शोषून ठेवलेली बंद बॅटरी) असेल तिथे एजीएमच, साधी पाण्याची नको, कारण केबिनमध्ये तिचा वायू कोंडतो. अनेक गाड्यांत मुख्य बॅटरीच्या निगेटिव्हवर करंट मोजणारा सेन्सर असतो आणि मुख्य बॅटरी बदलल्यावर नियंत्रकाला स्कॅनरने तसे कळवावे लागते, एरवी तो जुन्या बॅटरीच्या हिशेबाने चार्ज करत राहतो. काढलेली बॅटरी भंगारात टाकू नये. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ती परत घेऊन पुनर्वापराला पाठवण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, आणि बॅटरीवाला जुनी घेऊन नव्या किमतीत सूट देतो.

नवी बॅटरी येईपर्यंत गाडी बायपासवर चालवायची असेल तर गुंडाळलेल्या वायरीला कागदाचा टॅग बांधून त्यावर तारीख आणि ‘सहायक बॅटरी सोडली आहे, ही वायर जोडू नये’ असे ठळक लिहावे. पुढचे बॉनेट उघडणारा माणूस बहुधा दुसराच असतो, आणि सुटी वायर दिसली की ती जोडून देणे हा प्रत्येक कारागिराच्या हाताचा स्वभाव.