कार्प मासेमारी, तळ्यावरील (इंग्लंड)

लहान, संथ पाण्याच्या तळ्यावर कार्प (सायप्रिनस कार्पिओ) हा मासा गळाने धरण्याचा छंद. मासा खाण्यासाठी धरत नाहीत. वजन करून, बहुधा छायाचित्र काढून, तो पुन्हा पाण्यात सोडतात. प्रस्तुत नोंद मुख्यतः इंग्लंडपुरती आहे. बोहेमियात (आजच्या चेक प्रजासत्ताकाचा भाग) हाच मासा मोठ्या तळ्यांत वाढवून नाताळच्या जेवणासाठी विकतात. त्या परंपरेचा येथे विचार केलेला नाही.

कार्प मूळचा इंग्लंडचा नव्हे, याबद्दल एकमत आहे. तो केव्हा व कोणी आणला हा प्रश्न मात्र जुना आहे. लेनर्ड मॅस्कल याने १५९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या मासेमारीच्या पुस्तकात ससेक्समधील प्लमस्टेडच्या ‘मास्टर मॅस्कल’ला हे श्रेय दिले आणि पिपिन जातीचे सफरचंदही त्यानेच आणले, अशी पुस्तीही जोडली. माहिती ऐकीव असल्याचे तो स्वतःच सांगतो. शिवाय लेखक आणि श्रेयाचा धनी यांचे आडनाव एकच आहे. आयझॅक वॉल्टनने १६५३ च्या आपल्या मासेमारीवरील ग्रंथात ही कथा उचलली आणि त्याच्या लोकप्रियतेमुळे ती रूढ झाली. दुसरे मत एका जुन्या तुकबंदीवर उभे आहे. हॉप, टर्की, कार्प व बिअर ही सारी एकाच वर्षी इंग्लंडात आली, असे ती म्हणते. ते वर्ष १५२४ च्या सुमाराचे मानतात. परंतु १४९६ मध्ये विंकिन द वर्ड याने वेस्टमिन्स्टर येथे छापलेल्या गळाच्या मासेमारीवरील प्रबंधातच कार्प रुचकर असल्याचा, मात्र इंग्लंडात तो फारच थोडा असल्याचा उल्लेख आहे. (हा प्रबंध जूलियाना बर्नर्स या मठवासिनीच्या नावावर सांगतात, त्यास भक्कम आधार नाही.) हा उल्लेख ध्यानात घेता तुकबंदीतले वर्ष निकालात निघते आणि मॅस्कलची कथाही डळमळीत होते. कार्पचे आगमन पंधराव्या शतकात, कदाचित त्याच्याही थोडे आधी झाले असावे.

उपासाच्या दिवसांसाठी मठवासी साधूंनी कार्प पाळला, ही समजूत इंग्लंडात फार पसरलेली आहे. परंतु मध्ययुगीन मठांच्या तळ्यांत प्रामुख्याने ब्रीम, पाइक यांसारखे मासे असत. १५३६–४० दरम्यान मठ विसर्जित झाले तेव्हा कार्पचा प्रसार नुकताच कोठे सुरू झाला होता. तेव्हा हे श्रेय सरदार-जमीनदारांच्या तळ्यांकडे जाणे अधिक सयुक्तिक वाटते.

यूरोप खंडातील पूर्वपीठिकेबद्दलही दोन पक्ष आहेत. मत्स्यशास्त्रज्ञ यूजीन बॅलन यांच्या मते डॅन्यूबकाठच्या रोमन लोकांनीच रानटी कार्प हौदांत ठेवण्यास आरंभ केला. इतिहासकार रिचर्ड हॉफमन यांनी हाडांचे अवशेष व लिखित उल्लेख एकत्र तपासून या माशाचा पश्चिमेकडील प्रसार मध्ययुगात ठेवला आहे. सहाव्या शतकात इटलीतील राजाचा मंत्री कॅसिओडोरस याने राजाच्या मेजवानीसाठी डॅन्यूबच्या कार्पचा उल्लेख केला आहे. पण त्यावरून मासा दुरून मागवला जात होता एवढेच कळते, पाळला जात होता असे नव्हे. हॉफमन यांचा पक्ष अधिक सावध आणि म्हणून ग्राह्य दिसतो.

अंगभर खवले असलेला, मोजके मोठे खवले असलेला ‘मिरर’ आणि जवळजवळ खवलेरहित ‘लेदर’ हे प्रकार एकाच जातीतले आहेत. हा फरक मुख्यतः दोन जनुकांमुळे पडतो. त्यांपैकी एकाचे प्रभावी रूप (लेदरमध्ये ते असतेच) दोन्ही पालकांकडून आले तर पिलू जगत नाही. त्यामुळे लेदर कार्पचा शुद्ध वंश तयार करता येत नाही.

तळ्याकाठी पाळली जाणारी शांतता ही केवळ शिष्टाचाराची बाब नाही. कार्पच्या वाताशयापासून (शरीरातील हवेच्या पिशवीपासून) अंतर्कर्णापर्यंत लहान हाडांची साखळी असते. तिच्यामुळे त्याची श्रवणशक्ती तीक्ष्ण असते. काठावरचे जड पाऊल किंवा आपटलेली पेटी त्याला सहज कळते. म्हणून लहान तळ्यावर दिवसाचा बहुतेक वेळ हालचाल न करता, चिखलातून वर येणारे बुडबुडे व हलणारे गवत न्याहाळण्यात जातो. नदीतल्या कार्पसाठी रोज चार-सहा तास याप्रमाणे तीन-चार दिवस बसूनही गळाला काहीच न लागलेल्या कुशल माणसाचा दाखला वॉल्टनने दिला आहे.

कार्पच्या जबड्यात दात नसतात, घशात असतात. तो आमिष ओढून घेतो आणि शंका आल्यास फुंकून टाकतो. या सवयीवर उपाय म्हणून १९८० च्या सुमारास लेन मिडल्टन व केव्हिन मॅडॉक्स यांनी आमिष गळावर न ओवता गळाला जोडलेल्या बारीक धाग्यावर लावण्याची पद्धत काढली. गळ मोकळा राहिल्याने मासा आमिष फुंकताना तो ओठात रुततो. पूर्वी पाव, उकडलेले बटाटे ही आमिषे असत. आता पिठाच्या उकडलेल्या गोळ्या सर्रास वापरतात.

या छंदाचे आधुनिक रूप हेरफर्डशरमधील रेडमायर या सुमारे तीन एकरांच्या तळ्याशी निगडित आहे. १९३४ मध्ये पाणवनस्पती आटोक्यात राहावी म्हणून डोनाल्ड लेनी याने पुरवलेले ५० लहान कार्प तेथे सोडण्यात आले. १९३० पासूनचा २६ पौंडांचा विक्रम १९५१ मध्ये बॉब रिचर्ड्‌सने याच तळ्यावर ३१ पौंड ४ औंसांच्या माशाने मोडला. १३ सप्टेंबर १९५२ रोजी रिचर्ड वॉकरने ४४ पौंडांचा (सुमारे २० किग्रॅ.) मासा धरला. ‘क्लॅरिसा’ नावाने प्रसिद्ध झालेला हा मासा लंडनच्या प्राणिसंग्रहालयातील मत्स्यालयात १९७१ पर्यंत जगला. मासा लागताच वाजणारा विजेचा बझर प्रचारात आणला तोही वॉकरनेच. १६ जून १९८० रोजी ख्रिस येट्‌सने त्याच तळ्यात ५१ पौंड ८ औंसांचा मासा धरला. ही तारीख हंगामाच्या पहिल्या दिवसाची होती. १८७८ च्या कायद्याने १५ मार्च ते १५ जून हा बंदीकाळ ठरवला होता. बहुतेक तळ्यांवरून तो १९९५ मध्ये उठला, नद्यांवर कायम आहे.

भारतात मिरर कार्प १९३९ मध्ये श्रीलंकेतून निलगिरीत आणि १९५७ मध्ये बँकॉकहून दुसरा वाण आला. महाराष्ट्रातील मत्स्यव्यावसायिक त्याला ‘सायप्रिनस’ म्हणतात व कटला, रोहू, मृगळ यांच्याबरोबर वाढवतात. गळाच्या छंदासाठी मुंबईचा पवई तलाव परिचित आहे; तेथे मान मुख्यतः कटला व रोहूला आहे.