सेंट्रिफ्युगल सुपरचार्जर: लहान पुली बसवण्यापूर्वी हे वाचावे

आमच्याकडून सेंट्रिफ्युगल सुपरचार्जर (बेल्टवर फिरून इंजिनात दाबाखाली हवा भरणारे यंत्र) बसवून घेतलेल्या ज्या गाड्या पुन्हा आमच्याकडे येतात, त्यांच्या मालकांची तक्रार बहुतेक वेळा एकच असते: खालच्या आरपीएमला गाडी पूर्वीसारखीच चालते, मग एवढा खर्च करून फरक काय पडला? प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर देण्याचा आम्हाला कंटाळा नाही. अडचण पुढे होते. उत्तर मिळण्याआधीच सुपरचार्जर अधिक वेगाने फिरावा म्हणून काही ग्राहक बाहेरून लहान पुली आणून परस्पर बसवतात, आणि नंतर गाडी येते ती नॉकिंग (सिलिंडरमधील मिश्रण आपोआप पेटून होणारी ठोठावणी), घसरणारा बेल्ट किंवा चेक इंजिनचा पेटलेला दिवा घेऊन. हे माहितीपत्रक त्यासाठी आहे. आपण इंजिनाची जुजबी माहिती बाळगून आहात, असे येथे गृहीत धरले आहे.

क्रँकवरची पुली बेल्टने सुपरचार्जरची पुली फिरवते आणि आतला गिअर तो वेग आणखी वाढवतो. समजा क्रँकची पुली १५० मिमी, सुपरचार्जरची ७५ मिमी आणि आतला गिअर ३.६ पट आहे, तर इंजिन ६,५०० आरपीएमवर असताना इंपेलर, म्हणजे सुपरचार्जरमधले पात्यांचे चाक, मिनिटाला ४६,८०० फेरे घेतो. इंपेलर हवा मध्यातून ओढून कडेकडे भिरकावतो. पुढे डिफ्यूझरमध्ये आणि शंखाकृती कवचात त्या हवेचा वेग मंदावतो आणि त्याचे दाबात रूपांतर होते. हा दाब साधारणपणे फिरण्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, आणि वरील तक्रारीचे मूळ याच नियमात आहे. ६,५०० आरपीएमला ६ पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) बूस्ट, म्हणजे वातावरणाच्या दाबावरचा जादा दाब, मिळत असेल, तर ४,५०० ला सुमारे २.९, ३,२५० ला १.५ आणि २,००० ला जेमतेम ०.६ पीएसआय मिळतो. रूट्स प्रकारचा सुपरचार्जर प्रत्येक फेऱ्याला ठरावीक घनफळाची हवा ढकलतो, म्हणून त्याची ओढ खालपासूनच जाणवते. सेंट्रिफ्युगलकडून ती अपेक्षा ठेवणे योग्य नाही.

मग आम्ही सेंट्रिफ्युगलच का सुचवतो? आपले इंजिन मुळात नॅचरली ॲस्पिरेटेड, म्हणजे सुपरचार्जरविना स्वतःच हवा ओढणारे, म्हणून घडवलेले आहे. अशा पेट्रोल इंजिनांचे कॉम्प्रेशन बहुधा १० किंवा ११ पट, कधी त्याहूनही अधिक असते, आणि त्यांचे पिस्टन, कनेक्टिंग रॉड, क्लच व गिअरबॉक्स मूळच्या टॉर्कच्या हिशेबाने बनवलेले असतात. कमी आरपीएमवर, थ्रॉटल पूर्ण उघडे असताना, सिलिंडरमधील मिश्रणाला तापायला आणि आपोआप पेट घ्यायला अधिक वेळ मिळतो, म्हणून नॉकिंगचा धोका तेथे मोठा असतो. नेमक्या त्याच ठिकाणी सेंट्रिफ्युगल सौम्य असतो आणि इंजिनाचा वेग वाढेल तसा भार क्रमाक्रमाने चढवतो. शिवाय हवा दाबण्याची त्याची कार्यक्षमता रूट्सपेक्षा चांगली असल्यामुळे तेवढ्याच बूस्टला हवा कमी तापते. हे तंत्र नवखेही नाही. १९३२ च्या ड्युसेनबर्ग एसजे या मोटारीवर सेंट्रिफ्युगल सुपरचार्जर होता आणि रोल्स रॉइसच्या मर्लिन या विमान इंजिनावरही हाच प्रकार होता. विमानाचे इंजिन बहुतेक काळ चढ्या वेगावरच चालत असल्याने खालच्या आरपीएमची ही उणीव तेथे कोणाला फारशी खटकली नाही. मोटारीत ती खटकते, हे आम्हाला मान्य आहे.

आता लहान पुलीचा हिशेब पाहू, कारण सगळा घोटाळा तेथेच होतो. ७५ मिमीच्या जागी ६८ मिमीची पुली बसवली, तर ६,५०० आरपीएमला इंपेलर ५१,६०० च्या आसपास पोहोचतो आणि ६ पीएसआयचा बूस्ट सुमारे ७.३ होतो. पण ज्या २,००० आरपीएमसाठी हा खटाटोप केला, तेथे ०.५७ चे ०.६९ पीएसआय होतात, म्हणजे चालकाला काहीही जाणवत नाही. जी वाढ होते ती सगळी वरच्या टोकाला होते, जिथे ती मागितलेली नव्हती आणि जिथे इंजिन आधीच सर्वाधिक ताणाखाली असते. इंपेलर फिरवायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढत असल्याने बेल्टवरचा भार सुमारे एक तृतीयांशाने वाढतो, आणि लहान पुलीभोवती बेल्टची पकड तर उलट कमी होते. बेल्ट घसरू लागला की वरच्या आरपीएमला बूस्ट पडतो, मग ग्राहक बेल्ट अधिक ताणतात, आणि तो ताण सुपरचार्जरच्या व क्रँकच्या पुढच्या बेअरिंगवर जातो. उत्पादकाने इंपेलरला घालून दिलेली वेगमर्यादा या भरात ओलांडली जाण्याचा धोका असतो तो वेगळाच.

याहून गंभीर बाब इंधनाची आहे. पुली लहान झाल्याचे ईसीयूला, म्हणजे इंधन व इग्निशन सांभाळणाऱ्या इंजिनाच्या संगणकाला, कोणी सांगत नाही. मूळच्या गाडीतला मॅनिफोल्डचा (सिलिंडरांना हवा पुरवणाऱ्या नळ्यांचा) प्रेशर सेन्सर वातावरणाच्या दाबाच्या फारसा पुढे मोजू शकत नाही, म्हणून आम्ही तो बदलतो आणि इंधन व इग्निशनचे कोष्टक नव्याने भरतो. पण ते भरलेले असते त्या पुलीवर प्रत्यक्ष मिळालेल्या बूस्टपर्यंत आणि वर थोड्या सवलतीपर्यंत. त्यापलीकडे ईसीयू केवळ शेवटच्या रकान्यातला आकडा वापरत राहतो. इंजेक्टरचीही मर्यादा असते. ज्या गाड्यांत इंधनाचा दाब ३ बारवर स्थिर ठेवलेला असतो, त्यांत मॅनिफोल्डमध्ये ०.४ बार (सुमारे ६ पीएसआय) बूस्ट आला की इंजेक्टरच्या दोन बाजूंमधला फरक २.६ बारच उरतो आणि प्रवाह सुमारे ७ टक्के घटतो, तेही हवा वाढलेली असताना. म्हणून आम्ही मोठे इंजेक्टर बसवतो आणि ते ८० ते ८५ टक्क्यांपेक्षा अधिक काळ उघडे राहू देत नाही. लहान पुलीने ही राखीव जागा संपते, मिश्रण विरळ होते आणि पूर्ण बूस्टला १२ च्या खाली असायला हवे असलेले हवा-इंधन प्रमाण वर सरकते.

त्यात उष्णतेची भर पडते. २७ अंशांची हवा ६ पीएसआयने दाबली, तर ७० टक्के कार्यक्षमतेच्या सुपरचार्जरमधून ती सुमारे ७० अंशांवर बाहेर पडते. इंटरकूलर यातली बरीच उष्णता काढून टाकतो, पण त्याचा आकारही ठरलेल्या बूस्टलाच धरून निवडलेला असतो. विरळ मिश्रण, तापलेली हवा आणि न बदललेले इग्निशन हे तिन्ही एकत्र आले की नॉकिंग होते आणि पिस्टनवरील रिंगांमधली कड तुटायला फार वेळ लागत नाही. नॉक सेन्सर काही प्रमाणात इग्निशन मागे घेतो खरा, परंतु सुपरचार्जरच्या आणि बेल्टच्या आवाजात त्याच्यावर विसंबून राहणे आम्हाला शहाणपणाचे वाटत नाही.

पुलीच्या बोल्टवर आम्ही रंगाची रेघ ओढतो, याचा काही ग्राहकांना राग येतो. ती अविश्वासाची खूण नाही. बोल्ट सैल झाला तरी त्याच रेघेवरून कळते. मात्र रेघ तुटलेली दिसली, तर आम्ही आधी मूळ पुली परत बसवतो, प्लग काढून पाहतो, कॉम्प्रेशन आणि लीक-डाउन (सिलिंडरमधून हवा किती गळते याची) चाचणी घेतो, गाडी चालवून ईसीयूच्या नोंदी तपासतो आणि त्यानंतरच मूळ तक्रारीला हात घालतो. या कामात गाडी कित्येक दिवस अडकते आणि त्याचा खर्च ग्राहकाकडून घेतला जातो. कामाच्या आधी याच चाचण्यांचा आग्रह धरतो म्हणूनही आमच्यावर टीका होते. पण झिजलेल्या रिंगांच्या इंजिनावर बूस्ट चढवून नंतर वाद घालण्यापेक्षा काम नाकारलेले बरे, असे आमचे धोरण आहे.

खालच्या आरपीएमची ओढ खरोखरच हवी असेल, तर प्रथम पाइपांचे क्लॅम्प, इंटरकूलरचे सांधे आणि बायपास व्हॉल्व्ह (नको असलेली दाबाची हवा परत वळवणारी झडप) तपासून घ्यावेत. तो व्हॉल्व्ह नीट मिटत नसेल, तर मधल्या आरपीएमचा बूस्टही वाया जातो आणि दोष विनाकारण पुलीवर येतो. हे तपासून झाल्यावर फायनल ड्राइव्हचे (गिअरबॉक्सनंतर चाकांकडे जाणाऱ्या शेवटच्या गिअरचे) प्रमाण बदलण्याचा विचार करता येतो. त्याने गाडी लवकर चढ्या आरपीएमला पोहोचते. तरीही समाधान होत नसेल, तर आपल्याला दुसऱ्या प्रकारचा सुपरचार्जर हवा आहे, आणि तसे आम्ही स्पष्ट सांगू. याउलट वरच्या टोकाला अधिक शक्ती हवी असल्यास लहान पुली निश्चित बसवता येते. फक्त ती इंजेक्टर, अधिक दात्यांचा रुंद बेल्ट, इंटरकूलरची तपासणी, थंड श्रेणीचे व कमी गॅपचे प्लग आणि नवे ट्यूनिंग यांसह एकाच वेळी बसवली जावी. आमच्याकडे हे एकच काम म्हणून केले जाते, सुटे केले जात नाही.

गाडी आणताना ट्यूनिंगच्या वेळी वापरले त्याच ऑक्टेनचे पेट्रोल टाकीत असावे, सुपरचार्जरचे तेल शेवटचे केव्हा बदलले याची नोंद सोबत असावी आणि मधल्या काळात कोणताही सुटा भाग बदलला असेल, तर तो गाडी उभी करतानाच सांगावा.