फळमाशी : गंधसापळा वेगळा, गुळाची आमिष फवारणी वेगळी

"सापळे लावलेत, मग आता फवारणी कशाला?" मानकुराद आंब्याच्या बागेपासून चिबडाच्या मळ्यापर्यंत हे वाक्य दर हंगामात ऐकू येतं. त्याच बागेत फळ कापलं की आत अळ्या निघतात.

सापळा सगळ्यांच्या ओळखीचा आहे. आंबा-पेरूला मिथाइल युजेनॉल या गंधाचा. कारली, दोडकी, तवशी (काकडी), चिबूड यांना क्यू-ल्यूर या गंधाचा. अदलाबदल केली तर सापळा रिकामाच राहतो. एकरी चारेक सापळे, आतली गंधाची वडी वेळेवर बदलायची, एवढं पुरे.

खरी गफलत पुढे आहे. या दोन्ही गंधांना फक्त नर येतात. सापळा उघडून मेलेल्या माश्यांची शेपटी बघा: मादीला टोकदार सुई असते, सापळ्यातल्या माश्यांना ती जवळपास दिसतच नाही. फळाला टोचून सालीखाली अंडी घालते ती मादी. नर घटले तरी उरलेला एकेक नर अनेक माद्यांना पुरतो, आणि शेजारच्या बागेतून नराशी मीलन करूनच आलेली मादी या वासाकडे ढुंकूनही पाहत नाही. म्हणून भरलेली बाटली बघून निर्धास्त होऊ नका. माशी आली आहे, एवढंच ती ठामपणे सांगते.

मादीला ओढतं ते अन्न. अंडी पिकायला तिला आठवडाभर तरी प्रथिनं आणि साखर खावी लागते. आमिष फवारणी तिला नेमकी याच दिवसांत गाठते. 10 लिटर पाण्यात 100 ग्रॅम गूळ विरघळवून गाळा आणि मॅलॅथिऑन 50 ईसी हे कीटकनाशक 10 मिली घाला. गूळ माशीला थेंबावर खिळवून खायला लावतो, विष पोटात जातं. लांबून ओढायला मात्र प्रथिनांचा वास लागतो. प्रोटीन हायड्रोलायझेट (विघटित प्रथिनांचं आमिष) मिळालं तर जरूर मिसळा. अमेरिकेत बेरी पिकांवरच्या ठिपकेदार पंखांच्या माशीसाठी औषधात साखर आणि यीस्ट घालतात, त्यामागेही हेच तत्त्व आहे.

हे मिश्रण झाडभर धुक्यासारखं मारणं म्हणजे औषधाची नासाडी. फळातल्या अळीपर्यंत ते पोचत नाही आणि बारीक थेंबावर माशी बसून खात नाही. नोझल जाड थेंबांवर ठेवा, प्रत्येक झाडाच्या खालच्या पानांवर हातभर जागेत, पानाच्या मागच्या बाजूने मारा. फळांवर नको, फुलांवर तर मुळीच नको: मधमाश्या मेल्या तर वेलीला फळ धरणार कसं? वेलींच्या मळ्याभोवती मक्याची ओळ असेल तर आमिष तिच्यावरच मारा, कारण वेलींवरची माशी विसाव्याला तिथे बसते. दर आठवड्याला परत मारा. पावसाची मोठी सर आली की गूळ धुऊन जातो, तेव्हा उघडीप मिळताच पुन्हा. लेबलवर आपलं पीक आहे का आणि काढणीआधी किती दिवस थांबायचं, हे आधी वाचा.

सापळे काढू नका, दोन्ही हवेत. आणि गळालेली, टोचलेली फळं रोज वेचून दोन फूट खोल पुरा. झाडाखाली कुजू दिलीत तर अळ्या तिथेच मातीत कोषात जातात आणि नवी माशी तुमच्याच बागेतून उठते.