सव्वासात ते साडेनऊ इंच : फ्रेटबोर्ड रेडियसच्या निवडीमागचा इतिहास

इलेक्ट्रिक गिटारची नेक, म्हणजे तिचा दांडा, स्वतंत्रपणे मागवायची ठरवली, तर लाकूड, फ्रेटचा (आडव्या धातूच्या पट्ट्यांचा) आकार आणि नटची (डोक्याकडे तारा ज्या खाचांतून जातात त्या पट्टीची) रुंदी यांच्याबरोबर रेडियसचा रकानाही भरावा लागतो. बोटांखालचा फ्रेटबोर्ड ज्या वर्तुळाच्या कमानीसारखा वळलेला असतो, त्याची त्रिज्या म्हणजे रेडियस; ती जितकी मोठी, तितका फ्रेटबोर्ड सपाट. त्यात ७.२५, ९.५, १०, १२, १६ आणि २० इंच असे पर्याय मांडलेले असतात व शेवटी ‘कंपाउंड’ हा शब्द असतो. एका ओळीत पाहिले की हे आकडे एकाच मोजपट्टीवरच्या खुणांसारखे दिसतात. प्रत्यक्षात यातला प्रत्येक आकडा विशिष्ट काळात, त्या काळच्या तारा, ब्रिज (गिटारच्या अंगावर तारा जिथे टेकतात तो भाग) आणि वादनपद्धती यांच्यासह आलेला आहे. त्यांतल्या पहिल्या दोन आकड्यांवरून, म्हणजे ७.२५ हा जुना दोष आणि ९.५ ही त्यावरची सुधारणा मानावी का यावरून, गेली चार दशके जो वाद चालू आहे, तो समजून घेतल्याशिवाय बाकीच्यांचा अर्थ लागत नाही.

आरंभीचा भाग थोडक्यात सांगता येतो. आतड्याच्या आणि पुढे नायलॉनच्या तारांची स्पॅनिश गिटार सपाट फ्रेटबोर्डवरच वाढली आणि आजही बहुतांशी तशीच आहे. पोलादी तारांचा ताण अधिक असल्यामुळे तर्जनी आडवी टाकून सहाही तारा दाबणे कष्टाचे होते, आणि बोटाच्या नैसर्गिक वळणाशी जुळणारी गोलाई तिथे उपयोगी पडते. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियाच्या जुन्या अकूस्टिक गिटारांशी १६ इंचांचा रेडियस जोडला गेला, तर मिशिगनमधील कलामझू येथील कंपनीशी १२ इंचांचा. १९५२ मध्ये या दुसऱ्या कंपनीने लेस पॉल हे सलग लाकडी अंगाचे मॉडेल आणले, तेव्हाही तिने हा १२ इंचांचाच प्रघात चालू ठेवला.

कॅलिफोर्नियातील फुलर्टनच्या कारखान्याला असा कोणताही वारसा नव्हता. तिथे १९४० च्या दशकात मांडीवर आडव्या ठेवून वाजवायच्या स्टील गिटार बनत. त्यांत तारेवर धातूची सरळ कांडी फिरते, त्यामुळे फ्रेटबोर्डला गोलाई देण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. कारखान्याच्या संस्थापकाला स्वतःला गिटार वाजवता येत नसे, आणि तो वादकांकडून ऐकलेल्या अडचणींवरून उत्पादन ठरवत असे. १९५० मध्ये तिथून सलग अंगाची पहिली गिटार बाहेर पडली, १९५१ मध्ये तिचे नाव टेलिकास्टर झाले आणि १९५४ मध्ये स्ट्रॅटोकास्टर आली. या सगळ्यांच्या मेपलच्या एकसंध नेकला ७.२५ इंचांचा, म्हणजे १८४ मिलिमीटरचा रेडियस होता, आणि फ्रेट वेगळ्या पट्टीवर न बसवता थेट नेकमध्येच ठोकलेल्या होत्या.

त्या काळच्या तारा आजच्या तुलनेने जाड होत्या. पहिली तार साधारणपणे ०.०१२ इंच किंवा त्याहून जाड असे आणि तिसरी तार गुंडाळीची असे. कंट्री आणि वेस्टर्न स्विंगच्या वादकाला रात्रभर कॉर्ड (एकत्र वाजणारे अनेक सूर) धरायच्या असत, आणि अशा तारा एक सूर वर खेचणे हे त्याच्या रोजच्या कामात फारसे येत नसे. या वापराला सव्वासात इंचांची गोलाई अगदी अनुरूप होती. ही गोलाई म्हणजे पहिल्या दिवसापासूनची चूक होती असे जे सर्रास लिहिले जाते, त्यात १९५४ चे वाद्य आजच्या तारा चढवून तपासण्याची घाई दिसते.

फरक नेमका किती आहे, हे आकड्यांत पाहिलेले बरे. नटजवळ ४२ मिलिमीटर रुंदीच्या फ्रेटबोर्डवर मधला भाग कडेपेक्षा ७.२५ इंचांच्या रेडियसमध्ये सुमारे १.२ मिलिमीटर उंच असतो, ९.५ इंचांत ०.९ आणि १२ इंचांत ०.७ मिलिमीटर. वरच्या फ्रेटजवळ जिथे रुंदी ५६ मिलिमीटरच्या आसपास जाते, तिथे हेच आकडे अनुक्रमे २.१, १.६ आणि १.३ असे होतात. हाताला हा फरक लगेच जाणवतो. डोळ्यांना तो ब्रिजच्या बाजूने पाहिल्याशिवाय सहसा दिसत नाही.

वादाची सुरुवात तारा पातळ झाल्यावर झाली. ब्लूज आणि रॉक वाजवणारे काही जण पहिल्या तारेच्या जागी बँजोची पातळ तार लावून बाकीच्या तारा एकेक घर सरकवत असत. १९६० च्या दशकाच्या पूर्वार्धात कॅलिफोर्नियातील एका वाद्यविक्रेत्याने पातळ तारांचे तयार संच बाजारात आणले आणि तार खेचून सूर चढवणे हा वादनाचा मुख्य अलंकार बनला. पातळ तारेबरोबर ती फ्रेटबोर्डच्या अगदी जवळ असावी ही अपेक्षाही आली. अशा गिटारवर पहिली तार पंधराव्या फ्रेटच्या पुढे मध्याकडे खेचली, की सूर मध्येच चोक होतो, म्हणजे दबून तुटतो. त्यामागची भूमिती सोपी आहे. दाबलेल्या बोटापासून सॅडलपर्यंत, म्हणजे ब्रिजवर ती टेकते त्या तुकड्यापर्यंत, तार सरळ रेषेत जाते, पण तिच्या खालच्या फ्रेटचे माथे कमानीवर असतात. तार तिरकी झाली की ती सरळ रेषा कमानीला छेदू लागते आणि तार पुढच्या एखाद्या फ्रेटला टेकते.

इथवरचे स्पष्टीकरण सगळीकडे सापडते, पण ही अडचण किती मोठी आहे हे सहसा कोणी मांडत नाही. खेचलेली तार बोटापासून सॅडलपर्यंत आडवी १८ मिलिमीटर सरकते असे धरले, तर कमानीचा उंचवटा त्या रेषेच्या वर ७.२५ इंचांत जास्तीत जास्त ०.२२ मिलिमीटर येतो, ९.५ इंचांत ०.१७ आणि १२ इंचांत ०.१३. हिशेब ढोबळ असला तरी प्रमाण कळण्यास पुरेसा आहे. सव्वासात आणि साडेनऊ यांच्यातील अंतर मिलिमीटरच्या पाच शतांशांच्या आसपास आहे. एखादी फ्रेट थोडी वर उचलली गेली असेल किंवा वरच्या टोकाशी नेक किंचित उंचावली असेल, तर एवढा फरक सहज पडतो. पन्नास-साठ वर्षे जुन्या गिटारवर सूर चोक झाला की दोष रेडियसला दिला जातो आणि झिजलेल्या फ्रेट नामानिराळ्या राहतात.

फुलर्टनची कंपनी १९६५ मध्ये एका प्रसारण समूहाने विकत घेतली, तरी रेडियस बदलला नाही. दबाव बाहेरून आला. १९८० च्या दशकात स्ट्रॅटोकास्टरच्याच बाह्याकृतीवर बेतलेल्या, पण पातळ नेकच्या, उंच फ्रेटच्या आणि लॉकिंग ट्रेमोलो (तारा घट्ट जखडून धरणारा, दांडीने सूर वर-खाली करणारा ब्रिज) असलेल्या गिटारांनी बाजार व्यापला. जपानी उत्पादकांनी रेडियस मिलिमीटरमध्ये मोजून ४०० आणि ४३० असे आकडे रूढ केले, जे इंचांत साधारण १६ आणि १७ होतात. वेगवान, एकेका सुराच्या वादनाला हा जवळजवळ सपाट पृष्ठभाग मानवतो. शिवाय लॉकिंग ट्रेमोलोच्या सॅडलची कमान कारखान्यातच ठरलेली असते. स्ट्रॅटोकास्टरच्या ब्रिजवर सहाही सॅडल किल्लीने वर-खाली करून कोणत्याही गोलाईशी जुळवता येतात, तशी सोय तिथे नाही. सॅडलखाली पातळ पत्रे घालून काम भागवावे लागते. त्यामुळे ब्रिज निवडला की रेडियसही बऱ्याच अंशी ठरून जातो.

वादाचा केंद्रबिंदू असलेला निर्णय याच सुमारास झाला. १९८५ मध्ये कंपनीच्याच व्यवस्थापकांच्या गटाने ती प्रसारण समूहाकडून विकत घेतली. या व्यवहारात फुलर्टनचा कारखाना मिळाला नव्हता, म्हणून कॅलिफोर्नियातच कोरोना येथे उत्पादन नव्याने उभे करावे लागले. १९८६-८७ मध्ये ‘अमेरिकन स्टँडर्ड’ स्ट्रॅटोकास्टर आली, ती २२ फ्रेटची आणि ९.५ इंच रेडियसची. आपला जुना ७.२५ आणि कलामझूच्या कंपनीचा १२ यांचा मध्य काढला तर ९.६२५ येतो, म्हणजे नवा आकडा जवळजवळ मधोमध पडतो. तडजोड म्हणून ही निवड शहाणपणाची होती आणि व्यापारी दृष्टीने ती यशस्वीही ठरली. खटकते ते तिचे पुढचे वर्णन. जाहिरातींत आणि समीक्षणांत ९.५ ला ‘आधुनिक’ आणि ७.२५ ला ‘व्हिंटेज’ अशी विशेषणे कायमची चिकटली, आणि एका विशिष्ट दशकातील स्पर्धेला दिलेले उत्तर सर्वकालीन सुधारणा म्हणून स्वीकारले गेले.

याच उत्पादकाने प्रसिद्ध केलेला सेटअपचा, म्हणजे गिटार जुळवून लावण्याच्या मापांचा, तक्ता या समजाला फारसा दुजोरा देत नाही. सतराव्या फ्रेटवर मोजलेली तारांची उंची ७.२५ इंचांसाठी जाड बाजूला २ मिलिमीटर आणि पातळ बाजूला १.६ मिलिमीटर अशी दिलेली आहे. ९.५ ते १२ इंचांसाठी दोन्ही बाजूंना १.६ मिलिमीटर सांगितले आहेत. म्हणजे सूर चोक होण्याची तक्रार जिच्याबद्दल आहे, त्या पहिल्या तारेची शिफारस केलेली उंची दोन्हींत सारखीच आहे. खरा बदल १५ ते १७ इंचांना दिसतो, जिथे पातळ बाजू १.२ मिलिमीटरपर्यंत खाली येते. नेकचा किंचित बाक मात्र तिन्ही गटांत क्रमाने कमी होतो : ०.३, ०.२५ आणि ०.२ मिलिमीटर. ज्याला तारा १.६ मिलिमीटरच्या खाली न्यायच्याच नाहीत, त्याने केवळ सूर चोक होईल या भीतीने ७.२५ टाळण्याचे कारण या तक्त्यात तरी सापडत नाही.

१९९२ मध्ये टेक्सासच्या एका दिवंगत ब्लूज वादकाच्या नावाने निघालेल्या स्ट्रॅटोकास्टरला १२ इंचांचा रेडियस दिला गेला, याचा दाखला सपाट फ्रेटबोर्डच्या बाजूने नेहमी दिला जातो. तो वादक पहिली तार ०.०१३ ची लावून सगळी गिटार अर्धा सूर खाली उतरवत असे आणि तरीही तारा विलक्षण ताकदीने खेचत असे, हे त्याच दाखल्यात सांगायचे बहुधा राहून जाते.

जुन्या नमुन्यांच्या प्रतिकृती काढण्याचे काम कंपनीने १९८२ पासूनच सुरू केले होते आणि त्यांत ७.२५ कायम होता. अमेरिकन कारखान्यातील ही परंपरा २०१८ मध्ये खंडित झाली. त्या वर्षी ‘अमेरिकन व्हिंटेज’ मालिकेच्या जागी आलेल्या ‘अमेरिकन ओरिजिनल’ मालिकेत दशकानुरूप रंग, नेकचा आकार आणि पिकअप होते, पण रेडियस ९.५ इंचांचा होता. मालिकेच्या नावात ‘ओरिजिनल’ म्हणायचे आणि हाताला सर्वांत आधी जाणवणारी गोष्ट बदलायची, हा विरोधाभास ग्राहकांच्या लक्षात न येणे शक्यच नव्हते. मौज अशी की मेक्सिकोत बनणाऱ्या आणि बऱ्याच स्वस्त अशा पन्नास-साठच्या दशकांच्या प्रतिकृतींत ७.२५ चालूच राहिला, आणि २०१९ च्या ‘व्हिंटेरा’ मालिकेतही तो होता. जुना रेडियस हवा असेल तर महागडी, हाताने बनवलेली गिटार मागवा किंवा मेक्सिकन गिटार घ्या, अशी विचित्र स्थिती काही काळ होती. २०२२ मध्ये ‘अमेरिकन व्हिंटेज २’ आली आणि तिच्याबरोबर ७.२५ परतला. ९.५ अनेकांना अधिक सोयीचा वाटतो हे निर्विवाद आहे, पण ती सोय जुन्या नावाखाली विकायला नको होती.

‘कंपाउंड’ हा पर्याय या वादातून सुटण्याची वाट म्हणून पुढे आला. नटजवळ अधिक गोलाई आणि वरच्या टोकाला कमी, अशा रचनेत कॉर्डची सोयही राहते आणि खेचलेली तारही मोकळी राहते. १० ते १६ आणि १२ ते १६ इंचांच्या जोड्या सुटे भाग बनवणाऱ्यांनी आणि वेगवान गिटारांच्या उत्पादकांनी रूढ केल्या. स्ट्रॅटोकास्टरच्या घराण्यात २०१६ मध्ये ९.५ ते १४ आणि २०१९ मध्ये १० ते १४ अशा जोड्या महाग मालिकांत आल्या. तारा नटकडून ब्रिजकडे फाकत जातात, त्यामुळे त्यांना दंडगोलापेक्षा शंकूचा पृष्ठभाग अधिक जुळतो, हा यामागचा मूळ विचार आहे. तारांचा पसारा नटवर ३५ आणि ब्रिजवर ५२ मिलिमीटर धरला, तर शंकूचा रेडियसही त्याच प्रमाणात, म्हणजे जवळजवळ दीडपट वाढायला हवा. १० ते १६ ची जोडी २२ व्या फ्रेटवर संपते. तोच उतार ब्रिजपर्यंत नेला तर रेडियस १८ इंचांच्या पुढे जातो. ही वाढ गरजेपेक्षा बरीच अधिक आहे. जोडीतला दुसरा आकडा फ्रेटबोर्डच्या टोकाचा असतो, ब्रिजचा नव्हे, आणि सॅडलची कमान त्याहून थोडी सपाट ठेवावी लागते. दुकानात ही गोष्ट क्वचितच सांगितली जाते, आणि कंपाउंड नेकच्या गिटारवर मधल्या तारा उंच वाटतात त्याचे कारण पुष्कळदा हेच असते.

जवळ असलेल्या जुन्या नेकचा रेडियस घासून वाढवणे हा शेवटचा मार्ग. तो प्रत्येक नेकला परवडत नाही. १९५९ ते १९६२ च्या मध्यापर्यंतच्या नेकवर सपाट तळाची जाड रोझवुड पट्टी असते आणि घासायला लाकूड पुरते. त्यानंतरच्या नेकवर हीच पट्टी पातळ आणि खालूनही वळवलेली असते, तर एकसंध मेपलच्या नेकवर फ्रेटबोर्डचे पॉलिशच काढून पुन्हा चढवावे लागते. त्यामुळे अशा नेकवर जाणते कारागीर लाकडाला हात न लावता, थोड्या उंच फ्रेट बसवून वरच्या घरांतील त्यांचे माथेच मध्यभागी किंचित सपाट घासतात.