मोटारीतील मुक्काम
मोटारीतील मुक्काम : रोजच्या वापरातील लहान मोटारीत झोपण्याची आणि सामान ठेवण्याची सोय करून एका रात्रीपासून अनेक महिन्यांपर्यंत राहण्याची पद्धत. ओढून नेण्याची कॅरॅव्हॅन किंवा मुद्दाम बांधलेली निवासी व्हॅन यांत ती मोडत नाही.

तिच्या उगमाबद्दल एकवाक्यता नाही. बहुतेक संदर्भग्रंथ १९१० साली न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात मांडलेल्या पिअर्स-ॲरोच्या ‘टूरिंग लँडो’कडे बोट दाखवतात. तिचे मागचे आसन उघडून बिछाना होई. पण ती धनिकांची मोठी गाडी होती, लहान मोटारीचा प्रश्न तिच्यापुढे नव्हताच. काही अभ्यासक फोर्डच्या ‘मॉडेल टी’पासून (१९०८) सुरुवात धरतात. १९१९ मध्ये फ्लोरिडातील टॅम्पा येथे स्थापन झालेल्या ‘टिन कॅन टूरिस्ट्स’ संघटनेच्या काळात मोटारीने भटकणे लोकप्रिय झाले खरे, मात्र त्या प्रवाशांपैकी पुष्कळजण गाडीला टेकवलेल्या तंबूत झोपत. सर्वसामान्य सेदान गाडीतच झोपण्याची सोय करणारी नॅश कंपनीची १९३६ ची रचना अधिक जवळची पूर्वज वाटते : मागच्या आसनाची पाठ उघडली की बिछाना थेट डिकीत शिरे. जपानमध्ये या प्रथेला ‘शाचूहाकू’ असे स्वतंत्र नाव आहे. तिथल्या ‘केई’ वर्गातील गाडीची कमाल लांबी ३·४ मी., रुंदी १·४८ मी. आणि इंजिन ६६० घ. सेंमी. असते, एवढ्याशा जागेतही लोक सपाट बिछाना बसवतात.

खरी अडचण लांबीची असते. मोठ्या माणसाला आडवे व्हायला सुमारे १·८ मी. लागतात. मागची आसने पाडून, पुढचे आसन पुढे सरकवून आणि कर्णरेषेत झोपून ती बहुधा मिळवतात. पाडलेल्या आसनाच्या बिजागरीशी उरणारी पायरी कमरेला सलते; तिथे कपड्यांची पिशवी दाबून बसवतात. २००१ च्या होंडा फिटमध्ये इंधनाची टाकी पुढच्या आसनांखाली नेल्यामुळे मागचे आसन खोल व सपाट बसू लागले. उतारावर गाडी असेल तर डोके चढाच्या बाजूला हवे.

लांबीहून दमट हवा अधिक छळते. झोपलेला माणूस श्वास आणि त्वचेवाटे रात्रभरात पाव लिटरच्या आसपास पाणी हवेत सोडतो. काच व पत्रा थंड, त्यामुळे पहाटे काचेच्या आतून थेंब ओघळू लागतात आणि उशीची काचेकडची कड ओली होते. थंडी वाजते म्हणून सगळ्या काचा घट्ट लावणारा अंथरुणच भिजवून घेतो. समोरासमोरच्या दोन काचा बोटभर उघड्या ठेवणे हा साधा उपाय. शेगडी वा कोळसा आत कधीही पेटवू नये : कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि हिमोग्लोबिनशी तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट बांधला जातो. बर्फात धुराड्याची नळी बुजलेली असताना इंजिन चालू ठेवणेही तितकेच घातक आहे.

गाडीची १२ व्होल्टची शिसे-आम्ल बॅटरी इंजिन सुरू करण्यासाठी असते, रात्रभर पंखा चालवण्यासाठी नाही. पूर्ण भरलेली १२·६ व्होल्टच्या आसपास, तर निम्मी उतरलेली सुमारे १२·२ व्होल्ट दाखवते. वारंवार खोल उतरवल्यास ती लवकर निकामी होते; म्हणून नेहमी राहणारे वेगळी बॅटरी बाळगतात.

जपानमधील २००४ चा चूएत्सू आणि २०१६ चा कुमामोतो भूकंप यांनंतर अनेकांनी गाड्यांत रात्री काढल्या. पाय दुमडून तासन्‌तास बसल्याने शिरांत रक्ताच्या गुठळ्या होऊन काहींचा मृत्यू ओढवला. शौचालय दूर म्हणून लोक पाणी कमी पितात, त्यानेही धोका वाढतो. बसून नव्हे तर आडवे होऊन झोपणे, भरपूर पाणी पिणे आणि मधूनमधून चालणे एवढे तरी पाळायलाच हवे.

हौसेने फिरणाऱ्यांखेरीज घर गमावल्यामुळे गाडीत राहणारेही पुष्कळ असतात. ते नजरेआड राहण्याची काळजी घेतात, म्हणून त्यांची नोंद फारशी होत नाही. लॉस अँजेलिसने वाहनात राहण्यावर घातलेली १९८३ ची बंदी अमेरिकी अपील न्यायालयाने २०१४ मध्ये, तिची भाषा संदिग्ध आहे या कारणावरून घटनाबाह्य ठरवली. नंतर शहराने कोणत्या रस्त्यावर मुक्काम चालेल, याचे वेगळे नियम केले.